दबलेल्या मणक्यात सिमेंट भरावे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्याच एका गृहस्थांच्या ७१ वर्षांच्या आई सिटी बसच्या अगदी शेवटच्या आसनावर बसल्या होत्या. गतिरोधकावर बस उसळली, त्या आसनावर आदळल्या आणि त्याच क्षणी कमरेत कळ आली. एक्स-रेमध्ये कमरेचा पहिला मणका, म्हणजे रिपोर्टमधला एल-१, पुढच्या बाजूने सुमारे ३० टक्के दबलेला दिसतो. आज बारावा दिवस आहे. पायांत ताकद आहे, लघवी-शौचाची तक्रार नाही; मात्र कुशीवर वळताना आणि अंथरुणातून उठताना असह्य दुखते. एका डॉक्टरांनी लगेच सिमेंट भरून घेण्याचा सल्ला दिला, दुसऱ्यांनी तीन आठवडे पाठीवर निजून राहण्याचा आणि पट्ट्याचा. शिवाय त्यांच्या २८ वर्षांच्या मावसभावाला गेल्या वर्षी छोट्या छिद्रांतून स्क्रू आणि रॉड बसवले होते आणि तो महिनाभरात कामावर गेला. मग आईंसाठी तेच का करू नये, असे ते विचारतात. आईंना मधुमेह आहे, हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, आणि त्यांचा स्वतःचा प्रश्न एकच आहे: नऊ आठवड्यांनी गणपती येतात, तोपर्यंत मी ओट्याशी उभी राहीन का?

मी गेली बावीस वर्षे मणक्यांच्याच शस्त्रक्रिया करतो, म्हणून सविस्तर लिहितो. मात्र मी तुमच्या आईंना तपासलेले नाही आणि फिल्मही पाहिलेल्या नाहीत. रिपोर्टमधले शब्द एक सांगतात आणि फिल्म दुसरेच दाखवते, असे माझ्याकडे आठवड्यातून एकदा तरी घडते. त्यामुळे खाली लिहिले आहे तो तुमच्या आईंविषयीचा निर्णय नव्हे. असा निर्णय मी कसा घेतो, त्याचा हिशेब आहे.

तुमच्या प्रश्नात मोठी चीर, छोटे छिद्र किंवा पट्टा असे तीन पर्याय शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. छिद्र केवढे पाडायचे हा माझ्या दृष्टीने अगदी शेवटचा प्रश्न आहे. त्याआधी या हाडाला हात लावण्याची गरज आहे का हे ठरवावे लागते, आणि ते तीन गोष्टींवर ठरते: मज्जारज्जूवर किंवा नसांवर दाब आहे का, मणका अस्थिर आहे का, आणि वेदना माणसाला अंथरुणाला खिळवून ठेवते आहे का. या तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत. सिमेंट वेदनेवर चालते, नसांवरचा दाब ते काढत नाही. स्क्रू-रॉड अस्थिरतेवर चालतात, हाडाच्या ठिसूळपणाचे ते काही करत नाहीत. आपल्याकडे भिंतींवर आणि मोबाइलवर 'टाक्यांविना', 'लेझरने', 'दुर्बिणीने' मणक्याचे ऑपरेशन अशा जाहिराती दिसतात आणि लोक या सगळ्याला एकच गोष्ट समजतात. मोडलेल्या मणक्यात लेझरचे काही काम नसते आणि दुर्बिणीचेही सहसा नसते. येथे सुई किंवा स्क्रू त्वचेतून आत जातो आणि सर्जन पडद्यावरच्या क्ष-किरणांच्या चित्राकडे पाहून त्याला वाट दाखवतो.

बसच्या शेवटच्या आसनाची हकीकत मला वर्षातून कितीतरी वेळा ऐकू येते. ते आसन मागच्या चाकांच्याही मागे असल्यामुळे धक्का तिथे सर्वांत जोराने बसतो; अंग वर उडते आणि खाली येताना सारा भार सरळ कण्यावरून उतरतो. छातीचा कणा बरगड्यांच्या पिंजऱ्यामुळे ताठ असतो आणि कमरेचा लवचीक. ताठ भाग संपून लवचीक भाग सुरू होतो ती जागा म्हणजे छातीचा बारावा आणि कमरेचा पहिला मणका; म्हणून बहुतेक वेळा यांपैकीच एखादा दबतो. तरुण माणूस असा धक्का सोसून शिव्या देत उतरून जातो. त्याच धक्क्याने ७१ वर्षांच्या बाईंचा मणका दबला, याचा अर्थ हाड आधीच ठिसूळ झालेले होते. हे वाक्य लक्षात ठेवा. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता नसांविषयी. प्रौढ माणसात मज्जारज्जू साधारण एल-१ आणि एल-२ यांच्या दरम्यान संपतो आणि त्याखाली नसांचा जुडगा सुरू होतो. मणका दबला आहे तो नेमका याच उंबरठ्यावर, म्हणून तपासणी काटेकोर हवी. दोन्ही पायांची ताकद, अंगठे वर उचलता येणे, मांड्यांच्या आतल्या बाजूची आणि बैठकीच्या जागेची संवेदना, लघवीचा जोर, हे सर्व एकदा पाहून भागत नाही. पहिले काही आठवडे पुन्हा पुन्हा पाहावे लागते. लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाय लुळा पडू लागला, तर सिमेंट, पट्टा आणि हे उत्तर सर्व बाजूला ठेवून त्याच रात्री रुग्णालय गाठावे. तुम्ही लिहिल्याप्रमाणे आज तसे काही नाही, ही मोठी जमेची बाजू आहे.

अस्थिरता म्हणजे काय, हे थोडे समजावून सांगावे लागेल, कारण तुमच्या आई आणि तुमचा मावसभाऊ यांच्यातला फरक इथेच आहे. मणक्याचा पुढचा भाग विटेसारखा असतो आणि मागे हाडाची कमान असते. दोघांच्या मधून मज्जारज्जू जातो आणि कमानींना मागून भक्कम अस्थिबंध बांधून ठेवतात. विटेची फक्त पुढची कड दबली आणि मागची भिंत शाबूत राहिली, तर ते साधे कॉम्प्रेशन फ्रॅक्चर. मागची भिंतही फुटून तुकडा मज्जेच्या वाटेत सरकला, तर ते बर्स्ट फ्रॅक्चर. आणि मागचे अस्थिबंध तुटले, तर विटेचे कितीही कमी नुकसान झालेले असो, कणा पुढे झुकत जातो. हा प्रकार खरा अस्थिर. साध्या एक्स-रेमध्ये मागची भिंत आणि अस्थिबंध खात्रीने दिसत नाहीत. म्हणून भिंतीसाठी सीटी आणि अस्थिबंधांसाठी एमआरआय लागतो. मणक्याची उंची निम्म्याहून कमी झाली किंवा कण्याला ३० अंशांपेक्षा जास्त बाक आला, की आम्ही सावध होतो. तुमच्या आईंचा आकडा ३० टक्के आहे आणि तो कदाचित निजून काढलेल्या फिल्मवरचा आहे. थोडे बसता-उठता येऊ लागले की उभे राहून, किंवा निदान बसून, एक एक्स-रे काढून घ्यावा. निजलेल्या स्थितीत मणका उघडलेला दिसतो आणि उभे राहिल्यावर तोच मिटतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्या दोन फिल्ममधला फरक मला एका फिल्मपेक्षा पुष्कळ जास्त सांगतो.

एमआरआयचे दुसरेही कारण आहे. मणका दबलेला दिसला म्हणजे तो बाराच दिवसांपूर्वी दबला, असे सिद्ध होत नाही. या वयात कित्येक बायकांच्या पाठीत जुने, न कळत दबलेले मणके सापडतात. एमआरआयच्या स्टिर नावाच्या चित्रांत ताज्या मोडलेल्या हाडातील सूज पांढरी चमकते आणि जुने हाड शांत, काळसर दिसते. एल-१ जुना असेल आणि चमकत असेल शेजारचाच, तर सिमेंट चुकीच्या मणक्यात जाईल. ही भीती काल्पनिक नाही. ज्यांना पेसमेकर किंवा अन्य कारणाने एमआरआय करता येत नाही, त्यांच्यासाठी सीटी आणि बोन स्कॅन यांची जोडी वापरतात.

येथवरचे तात्पर्य असे: नसांवर दाब नाही, मागची भिंत आणि अस्थिबंध शाबूत आहेत हे सिद्ध व्हायचे आहे, पण तसे असण्याची शक्यता अधिक, म्हणजे उरतो तो वेदनेचा प्रश्न. सिमेंट याच प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे येते, तेव्हा त्याच्याविषयी मोकळेपणाने लिहितो.

या पद्धतीला व्हर्टिब्रोप्लास्टी म्हणतात. १९८४ साली फ्रान्समधील आमियाँ येथे गालिबेर आणि देरामाँ यांनी ती प्रथम केली. रुग्णाच्या मानेच्या दुसऱ्या मणक्यात रक्तवाहिन्यांची गाठ होती, ठिसूळ हाडांचा तेव्हा संबंधही नव्हता. पुढे ती ठिसूळ मणक्यांसाठी जगभर पसरली आणि १९९८च्या सुमारास अमेरिकेत आधी फुगा फुगवून मग सिमेंट भरण्याची पद्धत, म्हणजे किफोप्लास्टी, सुरू झाली. सिमेंट म्हणजे घर बांधण्याचे नव्हे; पीएमएमए नावाचे ॲक्रिलिक प्लॅस्टिकचे मिश्रण, जे कृत्रिम सांधे बसवताना वापरतात. रुग्णाला पालथे निजवतात, त्वचेपासून हाडापर्यंतचा भाग बधिर करतात, सोबत थोडे झोपेचे औषध देतात. कमान आणि वीट यांना जोडणाऱ्या हाडाच्या दांड्यातून, म्हणजे पेडिकलमधून, सी-आर्मच्या, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या क्ष-किरण यंत्राच्या, समोरच्या आणि बाजूच्या चित्रांवर नजर ठेवून सुई विटेच्या पुढच्या भागात नेतात. सिमेंट पातळ असताना भरले तर ते वाहते, म्हणून ते टूथपेस्टसारखे घट्ट होईपर्यंत थांबायचे आणि मग थोडे थोडे करत काही मिलिलिटर आत सोडायचे. मिश्रणात बेरियम असल्यामुळे ते पडद्यावर काळे दिसते. ते मागच्या भिंतीकडे सरकू लागले की हात थांबवायचा. सगळे मिळून पाऊण-एक तास, आणि टाकाही नसतो. पुष्कळ रुग्ण त्याच दिवशी चालतात.

हे वर्णन वाचून कोणालाही वाटेल की मग थांबायचे कशाला. मलाही पहिली काही वर्षे तसेच वाटे. रुग्ण रडत आत येई आणि हसत बाहेर जाई. सर्जनला याहून मोठे समाधान नाही आणि याहून मोठा भ्रमही नाही. २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या एकाच अंकात दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या, एक ७८ रुग्णांची आणि दुसरी १३१ रुग्णांची. त्यांत निम्म्या रुग्णांना खरे सिमेंट भरले आणि उरलेल्यांवर केवळ तसा देखावा केला. १३१ रुग्णांच्या चाचणीत तर हाडाच्या पृष्ठभागापर्यंत भूल दिली आणि रुग्णाला शंका येऊ नये म्हणून सिमेंटच्या द्रवाची कुपी उघडून तिचा वास खोलीत पसरू दिला. महिन्याभराने दोन्ही गटांच्या वेदनेत म्हणण्यासारखा फरक नव्हता. आमच्या क्षेत्रात तेव्हा बरीच खळबळ झाली. आक्षेप असा होता की त्यात वर्षभरापर्यंत जुने फ्रॅक्चरही घेतले होते. मग २०१६ साली ऑस्ट्रेलियातील १२० रुग्णांची चाचणी लॅन्सेट या नियतकालिकात आली; त्यात सहा आठवड्यांच्या आतले, तीव्र वेदनेचेच रुग्ण होते आणि तेथे सिमेंटचा फायदा दिसला. २०१८ साली नेदरलँड्समधील १८० रुग्णांच्या चाचणीत, ताजे फ्रॅक्चर असूनही, देखाव्याच्या तुलनेत तो पुन्हा दिसला नाही.

या परस्परविरोधी निष्कर्षांतून मी माझ्यापुरता असा अर्थ काढला आहे. ठिसूळ मणक्याचे साधे फ्रॅक्चर बहुतेक वेळा आपले आपण जुळते आणि सहा ते आठ आठवड्यांत वेदना पुष्कळ उतरते. त्यामुळे कोणत्याही दिवशी काहीही केले तरी महिन्याने रुग्ण बरा दिसणारच, आणि त्याचे श्रेय शेवटचा उपाय करणाऱ्याला मिळणार. तरीही एक छोटा गट असा असतो ज्याला इतके थांबणे परवडत नाही: औषधे नीट देऊनही जो अंथरुणातून उठू शकत नाही, ज्याची छाती कफाने भरू लागली आहे, ज्याला वेदनाशामकांनी भ्रम होतो आहे. अशा रुग्णाला मी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच सिमेंटचा सल्ला देतो आणि त्याचा मला पश्चात्ताप झालेला नाही. दुसरा गट म्हणजे ज्यांचे हाड जुळतच नाही, आत पोकळी राहते, आणि उतरलेली वेदना महिन्या-दोन महिन्यांनी उभे राहताच परत येते. निजून आणि उभे राहून काढलेल्या फिल्ममध्ये फरक दिसतो तो यांच्यात. तेथे सिमेंट फार चांगले काम करते, असा माझा अनुभव आहे.

फुग्याच्या पद्धतीविषयी तुम्हाला नक्की सांगितले जाईल की तिने मणक्याची उंची परत येते. काही प्रमाणात येते हे खरे. पण त्यातला बराचसा भाग रुग्णाला पालथे, छाती आणि ओटीपोटाखाली उशा देऊन निजवल्याबरोबरच मिळालेला असतो. फुगा आधी पोकळी करून देतो, त्यामुळे सिमेंट घट्ट आणि कमी दाबाने भरता येते आणि ते बाहेर झिरपण्याचे प्रमाण कमी होते, हा त्याचा खरा लाभ. बदल्यात संच महाग पडतो. मागच्या भिंतीला तडा असेल तर मी फुग्याकडे झुकतो. भिंत शाबूत असेल तर साध्या सुईने माझे समाधान होते.

धोके लपवण्यासारखे नाहीत. सिमेंट थोडेफार बाहेर झिरपणे ही नेहमीची गोष्ट आहे आणि बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नाही. पण ते मज्जेच्या वाटेत गेले तर पाय जाऊ शकतो आणि शिरेवाटे फुप्फुसात पोहोचले तर श्वास. दोन्ही क्वचित घडते, तरीही ज्या ठिकाणी दाब काढण्याची तातडीची शस्त्रक्रिया होऊ शकत नाही तेथे ही 'साधी सुई' घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. सी-आर्म धूसर दिसत असेल तर मी काम पुढे ढकलतो; या प्रक्रियेत डोळे तेच असतात.

आता मावसभाऊ. तुम्ही फ्रॅक्चरचा प्रकार लिहिलेला नाही, पण २८ वर्षांच्या माणसाला असे स्क्रू बसले म्हणजे बहुधा बर्स्ट फ्रॅक्चर किंवा तुटलेले अस्थिबंध. मी शिकलो ते इंदूरच्या एम. वाय. रुग्णालयात, आणि तेथे धार-झाबुआकडून झाडावरून किंवा विहिरीत पडलेले जे तरुण येत, त्यांच्यासाठी तेव्हा कण्यावर वीतभर चीर घेऊन, दोन्ही बाजूंचे स्नायू हाडावरून खरवडून स्क्रू घालावे लागत. हाड जुळे, पण खरवडलेले स्नायू पूर्वीसारखे होत नसत. आज तेच स्क्रू प्रत्येकी दीड-दोन सेंटिमीटरच्या छेदातून जातात. आधी पोकळ सुई पेडिकलमध्ये, तिच्यातून तार, तारेवरून पोकळ स्क्रू, आणि शेवटी स्नायूंच्या खालून सरकवलेला रॉड. स्नायू बाजूला होतात, कापले जात नाहीत. रक्त कमी जाते, पहिल्या काही आठवड्यांची वेदना कमी असते आणि माणूस लवकर उठतो. दोन-एक वर्षांनी पाहिले तर मोठ्या चिरेचा आणि छोट्या छेदाचा रुग्ण यांत फारसा फरक उरत नाही, हेही सांगितले पाहिजे. या पद्धतीत हाड जुळेपर्यंत कण्याला स्क्रू-रॉडचा आधार दिलेला असतो, मणके एकमेकांना कायमचे सांधलेले नसतात. त्यामुळे वर्षभराने रॉड काढून टाकण्याचा विचार पुष्कळदा केला जातो. त्याला तसे सांगितले आहे का, हे एकदा विचारून घ्या.

या छिद्रांना मर्यादाही आहे. तुकडा नसांवर दाबत असेल आणि पाय कमजोर होत असतील, तर छिद्रांतून तो तुकडा काढता येत नाही. रॉडने मणके एकमेकांपासून ताणून विटेच्या मागचा अस्थिबंध ताठ केला की तो तुकड्याला थोडा विटेकडे परत ढकलतो, परंतु हे पहिल्या काही दिवसांतच साधते आणि अस्थिबंध शाबूत असेल तरच. अन्यथा तेवढ्या भागात उघडून दाब काढावा लागतो आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. उलट बाजूनेही एक गोष्ट आहे. २००३ साली अमेरिकेतील वूड आणि सहकाऱ्यांनी दाखवले की नसा शाबूत असलेल्या स्थिर बर्स्ट फ्रॅक्चरमध्ये शस्त्रक्रियेचा दूरवर फायदा दिसत नाही. त्याच रुग्णांकडे सोळा ते बावीस वर्षांनी पाहिले, तेव्हा पट्ट्यावर बरे झालेल्यांची स्थिती अधिक चांगली होती. म्हणजे तुमच्या मावसभावालाही कदाचित पट्टा पुरला असता, कदाचित नसता. फिल्म पाहिल्याशिवाय त्याच्या सर्जनच्या निर्णयावर मी बोट ठेवणार नाही. तरुण, कमावता माणूस महिनाभरात उभा राहिला, यालाही किंमत आहे.

तुमच्या आईंसाठी तेच का नको, याचे उत्तर हाडात आहे. स्क्रूला धरायला घट्ट हाड लागते. ठिसूळ हाडात बसवलेला स्क्रू काही महिन्यांत सैल होऊन हलू लागतो, ओल्या भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा. अगदीच लागले तर छिद्रे असलेले स्क्रू वापरून त्यांच्याभोवती सिमेंट सोडता येते आणि अस्थिर मणक्यात मी ते करतोही. पण स्थिर कॉम्प्रेशन फ्रॅक्चरसाठी इतका खटाटोप करणे मला योग्य वाटत नाही.

आणि तीन आठवडे पाठीवर निजून राहणे? हा सल्ला मला तिन्हींत सर्वांत कमी पटतो. म्हातारे माणूस अंथरुणाला लागले की स्नायू आणि हाड दोन्ही आठवड्यागणिक झिजतात, पायांच्या शिरांत गुठळी होते, बद्धकोष्ठ होते, पाठीला जखमा होतात. मधुमेहात तर या जखमा लवकर भरतही नाहीत. मी दोन-चार दिवसांची विश्रांती देतो आणि मग उठवतो. उठताना आधी संपूर्ण अंग एका कुशीवर, लाकडाच्या ओंडक्यासारखे न पिळता वळवायचे, पाय पलंगाखाली सोडायचे आणि हाताने रेटा देऊन बसायचे. ही एक सवय लागली तरी निम्मे दुखणे टळते. पट्टा बसताना आणि चालताना, निजताना नाही. त्याने हाड लवकर जुळते असे नाही, तो फक्त पुढे वाकू देत नाही. पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी द्यावे, दुखेल तेव्हा नव्हे. मधुमेह असल्यामुळे मूत्रपिंडाची तपासणी केल्याशिवाय इतर वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून देऊ नयेत. ट्रामाडॉल दिल्यास चक्कर येऊन पुन्हा पडण्याची आणि बद्धकोष्ठाची भीती असते. कुंथण्याने मणक्यावर नेमका जोर येतो, म्हणून इसबगोल पहिल्या दिवसापासून. देशी संडास असेल तर वर ठेवायची खुर्ची आणावी. जमिनीवर बसणे तूर्त बंद.

रक्त पातळ करणारी गोळी कोणती, हे तुम्ही लिहिलेले नाही. ॲस्पिरिन असेल तर फारशी अडचण नसते. क्लोपिडोग्रेल असेल तर सुई घालण्याआधी साधारण पाच ते सात दिवस ती थांबवावी लागते आणि ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. स्टेंट अलीकडचा असेल तर ते नाही म्हणतील आणि मग वेदना सोसत थांबणे हाच पर्याय उरेल. हे आत्ताच विचारून ठेवा, ऐन वेळी नको.

एक चूक माझी सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका साठीच्या गृहस्थांच्या दबलेल्या मणक्यात मी सिमेंट भरले, ते खूश होऊन घरी गेले. चार महिन्यांनी ते फिकट, थकलेले परत आले आणि तपासण्यांत मायलोमा, म्हणजे रक्तपेशींचा कर्करोग, निघाला. हाड ठिसूळपणाने नव्हे, त्याने पोखरून दबले होते, आणि माझी सुई त्याच हाडात असताना मी चिमूटभर तुकडा तपासणीला पाठवला नव्हता. तेव्हापासून प्रत्येक रुग्णाच्या मणक्यातून सिमेंटआधी बायोप्सी घेतो. त्यासाठी वेगळे छिद्र लागत नाही. आपल्याकडे क्षयही मणक्यात बसतो आणि सुरुवातीला साध्या फ्रॅक्चरसारखा दिसू शकतो. संध्याकाळचा ताप, घटणारे वजन, निजल्यावरही न थांबणारे दुखणे यांपैकी काही असेल तर ते डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगावे.

आता ते मघाचे वाक्य: हाड आधीच ठिसूळ होते. सिमेंट भरा किंवा भरू नका, तो ठिसूळपणा उरलेल्या सगळ्या मणक्यांत तसाच आहे. मणका नुकताच दबलेल्या बायकांपैकी सुमारे पाचात एकीचा दुसरा मणका वर्षाच्या आत दबतो, असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तरीही रुग्ण आमच्याकडून सिमेंट भरून जातात, वेदना थांबते आणि हाडांचे औषध कोणी सुरूच करत नाही. यात आम्हा सर्जनांचाही दोष आहे. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करावी, पण किरकोळ धक्क्याने मणका दबला एवढ्यावरूनच निदान पक्के होते. तिच्यातला आकडा उणे अडीचच्या खाली गेला नाही म्हणून औषध थांबवू नये. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि मूत्रपिंडाची तपासणी आधी; माळव्यात ऊन मुबलक आहे, पण उन्हात बसते कोण? मग झोलेड्रोनिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची सलाईन वर्षातून एकदा, जिने तीन वर्षांच्या मोठ्या चाचणीत मणक्यांची नवी फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी घटली; किंवा ठिसूळपणा फार असेल तर टेरिपॅराटाइडचे रोजचे इंजेक्शन, जास्तीत जास्त दोन वर्षे. सहामाही डेनोसुमॅब सुचवले तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: ते मध्येच सोडता येत नाही, पुढचे औषध न देता सोडले तर एकामागून एक मणके दबू शकतात.

मग पुढचे नऊ आठवडे असे असावेत. या आठवड्यात एमआरआय, गरज भासल्यास सीटी, रक्ताच्या तपासण्या आणि हृदयाच्या डॉक्टरांचा सल्ला. वेदना घरी आटोक्यात येत नसेल तर दोन-तीन दिवस रुग्णालयात ठेवून औषधे बसवून घ्यावीत आणि तेथूनच वॉकरवर चालायला लावावे. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी उभे राहून एक्स-रे. तोवर त्या स्वतः उठून न्हाणीघरापर्यंत जात असतील, तर मी सिमेंट भरणार नाही, आग्रह झाला तरीही. उठताच येत नसेल आणि एमआरआयमध्ये एल-१ चमकत असेल, तर भरेन, आणि सहा आठवडे उलटण्याची वाट पाहणार नाही. ज्या डॉक्टरांनी लगेच सिमेंट सुचवले, त्यांना एवढेच विचारा की तीन आठवडे थांबल्याने काय बिघडेल. त्यांच्याकडे फिल्ममधले एखादे कारण असेल तर ते तुम्हाला दाखवतील, आणि ते कारण माझ्या या सगळ्या लिखाणापेक्षा वजनदार असेल.

आईंना सांगा की गणपतीपर्यंत ओट्याशी उभे राहणे बहुधा जमेल, एका वेळी पंधरा-वीस मिनिटे आणि मध्ये खुर्ची. मोदकांची उकड दुसऱ्या कोणी मळावी, पाण्याची कळशी आणि गॅसचे सिलिंडर त्यांच्यापासून दूर ठेवावे, आणि मूर्ती आणायला जाताना बसने नेणार असाल तर पुढच्या आसनावर बसवा.